कालव्याची निगा आणि नौकेवरील कुटुंब : इंग्लंडमधील अरुंद कालव्यांच्या इतिहासातील एक प्रश्न

१

'कालवा' हा शब्द उच्चारला असता महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात शेतीच्या पाण्याचे चित्र उभे राहते. मुठा कालवा असो, नीरेचा असो वा गोदावरीचा असो. धरण, मुख्य कालवा, त्यास फुटलेल्या चाऱ्या, पाण्याच्या पाळ्या आणि त्या पाळ्यांवर देखरेख करणारा पाटकरी हाच त्याचा परिवार होय. त्या पाण्यावर कोणी कुटुंब घेऊन राहील, तेथेच मुलांना जन्म देईल आणि तेथेच आयुष्य संपवील ही कल्पना आपणांस सहसा सुचत नाही. आपली जुनी जलवाहतूक खाडीची व किनाऱ्याची. मचवे, पडाव आणि गलबते यांची. कालवा आणि नौका यांची सांगड आपल्या अनुभवात नाही.

इंग्लंडमध्ये मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कालवा म्हणजे प्रथमतः रस्ता होता. कोळसा, माती, लोखंड, धान्य व चुनखडी वाहून नेणारा हा पाण्याचा रस्ता औद्योगिक क्रांतीच्या पहिल्या पर्वाचा कणा ठरला हे सर्वमान्य आहे. या विषयावरील ग्रंथसंपदा विपुल असली तरी ती साधारणपणे दोन शाखांत विभागलेली दिसते. एका शाखेत अभियंते, भागधारक, जकातीचे दर आणि रेल्वेशी झालेली स्पर्धा यांचा विचार असतो. दुसऱ्या शाखेत नौकांवर राहणाऱ्या कुटुंबांचे आचार, त्यांची चित्रकला, त्यांचे अज्ञान व त्यांचे स्वातंत्र्य यांचे वर्णन असते. पहिली शाखा कालव्याची निगा हा हिशेबाचा विषय मानते, दुसरी नौकेवरील जीवन हा समाजवर्णनाचा विषय मानते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की, हे दोन्ही विषय एकाच जमाखर्चाच्या दोन बाजू आहेत. कालव्याच्या निगेवर जो खर्च व्हावयास हवा होता तो जेथे झाला नाही, तेथे त्याची भरपाई बहुतांशी नावाड्याच्या व त्याच्या बायकामुलांच्या बिनमोल श्रमांतून झाली. हे विधान कितपत टिकते हे पाहण्यासाठी प्रथम कालव्याची रचना, नंतर त्याच्या निगेचे स्वरूप आणि त्यानंतर नौकेवरील कुटुंबाची उत्पत्ती असा क्रम येथे ठेवला आहे.

२

इंग्लंडमधील कालवेयुगाचा आरंभ सामान्यतः १७६१ पासून मानतात. त्यापूर्वी आयर्लंडमध्ये न्यूरीचा कालवा (१७४२) आणि लँकेशायरमध्ये सँकीचा कालवा (१७५७) वाहतुकीस खुले झाले होते. परंतु देशाचे लक्ष वेधले ते ब्रिजवॉटरच्या ड्यूकने वर्स्ली येथील आपल्या कोळशाच्या खाणींपासून मँचेस्टरकडे काढलेल्या कालव्याने. या कामी त्याचा कारभारी जॉन गिल्बर्ट आणि गिरण्यांची यंत्रे दुरुस्त करण्याचा धंदा करणारा जेम्स ब्रिंडली हे दोघे त्याचे प्रमुख साहाय्यक होते. बार्टन येथे अर्वेल नदीवरून दगडी कमानींच्या जलसेतूने कालवा पलीकडे नेला, तेव्हा खाली नदीतून एक नौका आणि वर कालव्यातून दुसरी नौका जाताना पाहण्यास लोक दुरून येत. कालव्यामुळे मँचेस्टरमधील कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला असे सांगतात. हे यश पाहून इतर भांडवलदार पुढे सरसावले.

पुढील महत्त्वाची योजना ट्रेंट व मर्सी या नद्यांना जोडणाऱ्या कालव्याची होती. तिला संसदेची संमती १७६६ मध्ये मिळाली, आणि मातीच्या भांड्यांचा प्रसिद्ध कारखानदार जोसाया वेजवुड हा तिचा खजिनदार होता. खडबडीत रस्त्यांवर खेचरांच्या पाठीवरून नाजूक भांडी पाठविणाऱ्या व्यापाऱ्यास स्थिर पाण्याचे मोल निराळे सांगावयास नको होते. १७७२ मध्ये ब्रिंडली मरण पावला. कालवा १७७७ मध्ये पूर्ण झाला. या कालव्यावर हेअरकॅसल येथे सुमारे २,८८० यार्ड लांबीचा बोगदा खोदावा लागला. त्यात घोड्यासाठी वाट नव्हती. नावाडी फळ्यांवर उताणे पडून बोगद्याच्या भिंतींना पायांनी रेटे देत नौका पुढे ढकलीत. १८२७ मध्ये टेलफर्डने त्याशेजारी दुसरा बोगदा बांधला व त्यात घोड्याची वाट ठेवली. मधल्या पन्नास वर्षांत जे काम बांधकामाने करावयाचे ते माणसांच्या पायांनी केले. पुढील विवेचनाच्या दृष्टीने हे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

ब्रिंडलीच्या एका निर्णयाचे परिणाम दूरवर पोहोचले. नौका एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर चढविण्या-उतरविण्यासाठी जो दोन दारांचा हौद बांधतात, ज्यास इंग्रजीत लॉक व आपल्याकडील पारिभाषिक मराठीत जलपाश म्हणतात, त्याची रुंदी त्याने मध्य इंग्लंडमध्ये सुमारे सात फूट ठेवली. यामुळे बांधकामाचा खर्च वाचला, बोगदे लहान झाले आणि पाणीही कमी लागू लागले. परंतु त्याबरोबर नौकेचे मापही ठरून गेले: लांबी सुमारे सत्तर फूट, रुंदी सात फुटांहून किंचित कमी, आणि भार पंचवीस ते तीस टन. घोडागाडीच्या तुलनेत हा भार प्रचंड होता, कारण तो ओढण्यास एक घोडा पुरे. आगगाडीच्या तुलनेत मात्र तो क्षुल्लक होता. १७९३ च्या सुमारास कालव्यांच्या भागांसाठी सट्टेबाजीचे वेड शिगेला पोहोचले तेव्हा हा दोष कोणास जाणवला नाही. ज्या पिढीस तो जाणवला तिच्या हाती दुरुस्तीचा उपाय उरला नव्हता.

३

कालवा एकदा खोदला की काम संपते, असा समज बाहेरच्या माणसाचा असतो. वस्तुतः नदी स्वतःचे पात्र स्वतः राखते, कालव्यास ती शक्ती नसते. त्याचे पाणी स्थिर असते, म्हणून त्यात जे पडते ते तेथेच राहते. काठ खचतो, झाडांची पाने कुजतात, ओहोळांबरोबर माती येते आणि तळ वर्षावर्षाने वर चढतो. निगेचे सातत्य सुटल्यास कालवा काही दशकांत डबके होतो.

या निगेची मुख्य अंगे चार होत. पहिले अंग पाणी टिकविणे. कालव्याच्या तळास व बाजूंस चिकणमातीचा थर देत. ती माती पाण्यात कालवून, कुदळीने कापून व पायांनी तुडवून एकजीव करीत. क्वचित तीवरून गुरेही चालवीत. घराच्या भिंतीसाठी आपल्याकडे चिखल तुडवितात त्याच जातीचे हे काम होय. हा थर ओला असेपर्यंत पाणी अडवितो, वाळला की भेगाळतो. म्हणून कालवा रिकामा ठेवणे हेच त्याच्या नाशाचे एक कारण होते. उंदीर-घुशींनी केलेले एखादे बीळ वेळीच बुजविले नाही तर त्यातून झिरप वाढत जाऊन संपूर्ण बांध फुटू शकतो. ठराविक लांबीच्या कालव्यावर रोज पायी फिरून असली भोके शोधणारा, काठावरचे कुंपण व गवत राखणारा माणूस कंपनी नेमीत असे. हा अल्प वेतनाचा नोकर हाच कालव्याचा खरा रक्षक होता.

दुसरे अंग पाणी पुरविणे. एका अरुंद जलपाशाच्या प्रत्येक भरणीस पंचवीस ते तीस हजार गॅलन पाणी लागते. डोंगरमाथ्यावरील सर्वोच्च पातळी ओलांडणारी प्रत्येक नौका दोन्ही उतारांवर मिळून दोन हौद पाणी खाली नेते. उन्हाळ्यात माथ्यावर पाणी राहिले नाही तर वाहतूक थांबते. यासाठी साठवण तलाव बांधावे लागले. ग्रँड जंक्शन कालव्यासाठी ट्रिंग येथे असे तलाव आहेत. केनेट व एव्हन कालव्यावर क्रॉफ्टन येथे पाणी वर चढविण्यासाठी बसविलेले १८१२ चे बोल्टन-वॉट कंपनीचे वाफेचे यंत्र आजही चालू स्थितीत आहे. स्टॅफर्डशायरमधील रडयर्ड तलाव हाही ट्रेंट-मर्सी कालव्याच्या कॉल्डन शाखेस पाणी पुरविण्यासाठी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधला गेला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत पुढे अध्यापक म्हणून आलेले जॉन लॉकवुड किपलिंग व त्यांची भावी पत्नी यांची भेट १८६३ मध्ये या तलावाकाठी झाली, आणि १८६५ मध्ये मुंबईत जन्मलेल्या त्यांच्या पुत्रास त्या तलावाचे नाव मिळाले. कालव्याच्या निगेचे एक साधन अशा रीतीने इंग्रजी वाङ्मयाच्या व मुंबईच्या इतिहासात नोंदले गेले आहे.

तिसरे अंग दारे व बांधकाम. जलपाशाची दारे ओक लाकडाची असत, आणि सुमारे पंचवीस वर्षांत ती बदलावी लागत. त्यासाठी कालव्याचा तेवढा भाग फळ्या टाकून अडवावा व रिकामा करावा लागे, आणि त्या काळात वाहतूक बंद राही. हिवाळ्यात पाणी गोठले तर बर्फ फोडणारी नौका अनेक घोडे जुंपून ओढीत. तिच्यावर मध्यभागी लावलेल्या दांडीस धरून माणसे दोन्ही बाजूंस झोके देत, म्हणजे नौकेच्या हेलकाव्याने बर्फ फुटे.

चौथे आणि सर्वांत खर्चिक अंग गाळ उपसणे. हे काम वर्षभर चालावयाचे असते, त्याचे फळ डोळ्यांस दिसत नाही, आणि एखाद्या वर्षी ते टाळले तर लगेच काही बिघडत नाही. दार मोडले तर नौका थांबतात, बांध फुटला तर शेते बुडतात. गाळ साचला तर नौका केवळ थोडी हळू चालते व थोडा माल कमी घेते. म्हणून पैशाची तंगी आली की कंपन्यांनी पहिली काटछाट येथेच केली. ही काटछाट कोणाच्या माथी बसली हा खरा प्रश्न आहे.

४

आरंभीच्या पद्धतीप्रमाणे कालवाकंपनी ही रस्त्याची मालक होती, वाहतूकदार नव्हती. नौका इतरांच्या असत व कंपनी त्यांच्याकडून टन व मैल या मापाने जकात घेई. नौकेत माल किती आहे हे ठरविण्याची रीत सोपी होती: प्रत्येक नौका प्रथम वजने चढवून मापली जाई, आणि किती भारास तिचा काठ पाण्यापासून किती इंच वर राहतो याचे कोष्टक तयार होई. जकातनाक्यावरील कारकून पट्टीने ते अंतर चार ठिकाणी मोजून भार ठरवी. ही कोष्टके आज अभ्यासकास उपयुक्त साधने आहेत. १८४५ च्या कायद्याने कालवाकंपन्यांस स्वतः वाहतूक करण्याची मुभा मिळाली. परंतु तोवर रेल्वेचे युग सुरू झाले होते.

रेल्वेच्या आगमनाचे दोन परिणाम झाले. स्पर्धेमुळे जकातीचे व भाड्याचे दर झपाट्याने खाली आले, हा पहिला. अनेक कालवे रेल्वेकंपन्यांच्याच हाती गेले, हा दुसरा. केनेट व एव्हन कालवा १८५२ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेने घेतला हे त्याचे ठळक उदाहरण. प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडलेला कालवा जिवंत ठेवण्यात मालकास स्वारस्य नव्हते. संसदेस हे कळत नव्हते असे नाही. १८७३ च्या रेल्वे नियमन कायद्याने रेल्वेच्या ताब्यातील कालवे दुरुस्त, गाळ काढलेले व वाहतुकीस योग्य ठेवण्याचे बंधन मालकांवर घातले. परंतु असे बंधन घालणे सोपे असते, गाळाची खोली रोज कोण मोजणार? कालवे व अंतर्गत जलमार्ग यांच्या चौकशीसाठी १९०६ मध्ये नेमलेल्या राजआयोगाने टेम्स, सेव्हर्न, मर्सी व हंबर यांना जोडणारे चार मुख्य मार्ग मोठ्या नौकांसाठी रुंद करावे अशी शिफारस केली. ती अमलात आली नाही.

५

आता नौकेवरील कुटुंबाकडे वळू. ही कुटुंबे मुळात जिप्सी वंशाची असावीत, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. हॅरी हॅन्सन यांनी 'द कॅनाल बोटमेन' (१९७५) या ग्रंथात मूळ नोंदींच्या आधारे हा समज निराधार ठरविला. नावाडी आले ते कालव्याच्या आसपासच्या शेतमजूर, गाडीवान आणि नदीवरील खलाशी यांच्यातून. आरंभीच्या काळात पुष्कळांची घरे काठावरील गावांत असत. कुटुंबासह कायम नौकेवर राहण्याची रीत पूर्वीही काही प्रमाणात होती, पण रेल्वेशी स्पर्धा सुरू झाल्यावर ती वाढत गेली.

याचे कारण वेतनपद्धतीत सापडते. नौकेच्या प्रमुखास मजुरी मिळे ती दिवसावर नव्हे, तर खेप व टन यांवर. साहाय्यकाची मजुरी त्यातूनच द्यावी लागे. भाडे खाली आले तेव्हा साहाय्यकास द्यावयाचे पैसे वाचविणे हा एकच मार्ग त्याच्याजवळ उरला. पत्नी सुकाणू धरू लागली, मोठा मुलगा घोड्यामागे चालू लागला, मुली जलपाशाची दारे ढकलू लागल्या. काठावरच्या घराचे भाडेही वाचले. कंपनीच्या वहीत मात्र या नौकेवर एकच नोकर होता.

गाळाचा प्रश्न याच ठिकाणी येऊन मिळतो. तीस टनांची नौका गाळामुळे चोवीस टनच नेऊ शकली, तर टनावर मजुरी घेणाऱ्याची पाचव्या हिश्शाची कमाई तेथेच बुडते. तळास घासत जाणारी नौका हळू चालते, म्हणजे तितक्याच पैशांसाठी दिवस अधिक लागतात. ती रुतून बसली तर बांबू लावून व दोर ओढून ती सोडविण्याच्या तासांची मजुरी कोणी देत नाही. माल भरण्यासाठी वा उतरविण्यासाठी थांबण्याचे दिवसही पुष्कळदा असेच बिनपगारी जात. म्हणजे कंपनीने गाळ न उपसून जो खर्च वाचविला तो नाहीसा झाला नाही. तो नौकेवर जाऊन बसला, आणि तेथे त्याची फेड पहाटेपासून रात्रीपर्यंत काम करणाऱ्या बायकामुलांनी केली. वर दिलेले टनांचे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. तत्त्व मात्र वेतनपद्धतीतूनच निघते.

यंत्राच्या आगमनाने हे चक्र अधिकच घट्ट झाले. १९१२ च्या सुमारास फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन या मोठ्या वाहतूककंपनीने तेलावर चालणारी यंत्रे नौकांवर बसविण्यास आरंभ केला. यंत्राची नौका आपल्यामागे बिनयंत्राची दुसरी नौका ओढीत असे. एका कुटुंबावर आता दोन नौकांचे काम पडले. साधारणतः पुरुष यंत्रावर व पत्नी मागच्या नौकेच्या सुकाणूवर अशी विभागणी झाली. पण यंत्राच्या पंख्याने उठणाऱ्या लाटांनी काठाची माती अधिक झपाट्याने कोसळू लागली व गाळात भर पडली. म्हणजे कालव्यास तारण्यासाठी आलेल्या साधनाने निगेचा भार वाढविला.

या कुटुंबाचे घर म्हणजे नौकेच्या मागील टोकाची कोठडी. तिची लांबी आठ-दहा फूट व रुंदी नौकेइतकी, म्हणजे सात फुटांहून कमी. उरलेली सर्व जागा मालाची, कारण भाडे मालास मिळते, माणसास नाही. आत शिरताच डाव्या हातास लोखंडी चूल, तिच्या शेजारी कपाट. त्या कपाटाचे दार खाली पाडले की त्याचेच मेज होई. पलीकडे रात्री आडवी फळी टाकून बिछाना होई. भिंतीवर नक्षीदार काठांच्या बशा, पितळेचे चकचकीत गोळे आणि लेसचे पडदे. दारांवर व पाण्याच्या डब्यांवर गुलाब आणि किल्ले यांची ठसठशीत रंगांतील चित्रे. या चित्रांचा एक जुना छापील उल्लेख चार्ल्स डिकन्स संपादित करीत असलेल्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' साप्ताहिकातील १८५८ च्या प्रवासवर्णनात आढळतो. त्यांच्या उगमाविषयी अनेक तर्क झाले आहेत. प्रस्तुत लेखकास महत्त्वाचे वाटते ते इतकेच की, ही चित्रकला बहराला आली ती कुटुंब नौकेवर स्थिरावण्याच्या काळात. जेथे अंगण नाही, शेजार नाही, तेथे घरपण सांगण्यास रंगाखेरीज दुसरे साधन नव्हते.

६

या जीवनाकडे समाजाचे लक्ष वेधले ते कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथने. वीटभट्ट्यांवर राबणाऱ्या मुलांसाठी त्याने आधी चळवळ केली होती. १८७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अवर कॅनाल पॉप्युलेशन' या पुस्तकात त्याने नौकांवरील गर्दी, निरक्षरता, मद्यपान व अनीती यांचे भडक वर्णन केले. त्याचे आकडे अतिशयोक्त होते व त्याची भाषा नावाड्यांस अपमानास्पद वाटली. तथापि त्याच्याच खटपटीने १८७७ चा कालवानौका कायदा झाला, आणि तो दुबळा ठरल्यामुळे १८८४ मध्ये त्यात सुधारणा होऊन मुख्य निरीक्षकाची नेमणूक झाली. नौकांची निवासस्थान म्हणून नोंदणी, कोठडीतील माणसांच्या संख्येवर मर्यादा, स्वच्छतेची तपासणी आणि मुलांचे शिक्षण या त्यातील प्रमुख तरतुदी होत. नियमांनुसार बारा वर्षांवरील प्रत्येक माणसास ६० घनफूट व त्याखालील मुलास ४० घनफूट हवा मिळाली पाहिजे असे ठरले.

या कायद्याने काहीच साधले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. नौका अधिक स्वच्छ झाल्या, संसर्गजन्य रोगांवर नजर राहू लागली. परंतु त्याच्या मर्यादा उघड आहेत. नौका ज्या गावी नोंदली ते मुलाच्या शाळेचे गाव मानले गेले; नौका तेथे वर्षातून कितीदा जाणार? मुले एका गावी एक सकाळ व दुसऱ्या गावी एक दुपार अशी शाळेत बसत, आणि हजेरीची वही घेऊन पुढे जात. वयात आलेली मुले कोठडीत मावेनात म्हणून नातलगांच्या नौकेवर पाठविली जात. १९२१ मध्ये आरोग्य खात्याच्या समितीने शाळेच्या दिवसांत मुलांना नौकेवर ठेवू नये अशी शिफारस केली. १९२९-३० मध्ये त्यासाठी आलेले विधेयक मंजूर झाले नाही. १९३० मध्ये वेस्ट ड्रेटन येथे 'एल्सडेल' नावाच्या नौकेतच शाळा उघडण्यात आली. पण तीही नौका माल भरण्यासाठी थांबेपर्यंतच मुलांच्या वाट्यास येई.

या सर्व प्रयत्नांत एक समान उणीव दिसते. कायद्याने कोठडीतील हवा मोजली, कालव्यातील पाण्याची खोली मोजली नाही. मुलगी जलपाशावर का राबते याचे उत्तर आईबापांच्या अज्ञानात शोधले, भाड्याच्या दरात व गाळात शोधले नाही. मुलांना काठावर पाठवा असे सांगणाऱ्यांनी त्यांच्या जागी काम करणाऱ्या मजुराचे वेतन कोण देणार हे सांगितले नाही. नावाड्यांचा या सुधारणेस झालेला विरोध केवळ अडाणीपणाचा नव्हता. तो जमाखर्च समजणाऱ्यांचाही होता. १९२३ मध्ये मजुरीतील कपातीविरुद्ध ब्राउन्स्टन येथे नौका बांधून ठेवून नावाड्यांनी सुमारे तीन महिने संप केला. यावरून या विखुरलेल्या समाजास आपले हित एकत्रितपणे मांडता येत होते हे दिसून येते.

७

साधनांविषयी येथे थोडे लिहिणे अवश्य आहे. हा समाज बहुतांशी निरक्षर होता, त्यामुळे त्याच्याविषयीचे जवळजवळ सर्व लेखन बाहेरच्यांचे आहे. स्मिथने त्यांना पतित म्हणून पाहिले. त्यानंतर सत्तर वर्षांनी एल. टी. सी. रोल्ट यांनी 'नॅरो बोट' (१९४४) या पुस्तकात त्यांना यंत्रयुगाने न बिघडविलेले कारागीर म्हणून पाहिले. महायुद्धकाळात पुरुषांच्या जागी नौकांवर शिकाऊ म्हणून आलेल्या मध्यमवर्गीय तरुणींनीही लिहिले. त्यांपैकी एमा स्मिथ यांचे 'मेडन्स ट्रिप' (१९४८) प्रसिद्ध आहे. तिरस्कार असो वा आदर, दोन्ही दृष्टी पाहुण्यांच्या आहेत. पाहुण्यास चित्रे दिसतात, पितळ दिसते, मुलांचे मळके पाय दिसतात. पाण्याखालचा गाळ दिसत नाही. म्हणून जकातपावत्या, भारमापनाची कोष्टके, नौकानोंदणीची पुस्तके, निरीक्षकांचे अहवाल आणि दुरुस्तीखर्चाच्या वह्या ही नीरस साधने एकमेकांशेजारी ठेवून वाचणे हाच या विषयातील सुरक्षित मार्ग होय.

८

अखेरचा काळ थोडक्यात सांगता येईल. १९३६ मध्ये मॉन्टगोमेरी कालव्याचा बांध फुटला. मालक असलेल्या रेल्वेकंपनीने तो दुरुस्त केला नाही. १९४४ च्या कायद्याने हा कालवा आणि हडर्सफील्डचा अरुंद कालवा यांसह अनेक मार्ग अधिकृतपणे सोडून देण्यात आले. १ जानेवारी १९४८ रोजी बहुतेक कालवे राष्ट्राच्या मालकीचे झाले. सरकारने गाळाबरोबर थकलेली दुरुस्तीही वारशाने घेतली. नौकाकुटुंबांची सेवा या काळातही मुख्यतः व्यक्तींच्या सद्‌भावावर अवलंबून होती. स्टोक ब्रुअर्न येथे आपल्या घरीच नावाड्यांवर उपचार करणाऱ्या परिचारिका मेरी वॉर्ड यांस १९५१ मध्ये ब्रिटिश एम्पायर पदक मिळाले. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून राहिले, माल रस्त्याने जाऊ लागला व परत आला नाही. सरकारी मंडळाने आपला बहुतेक अरुंद नौकांचा ताफा १९६३ मध्ये बंद केला. ॲथरस्टोनहून लंडनजवळच्या मुरंब्याच्या कारखान्यास कोळसा नेणारी नियमित खेप ऑक्टोबर १९७० मध्ये थांबली, आणि त्याबरोबर कुटुंबनौकांच्या दूरच्या वाहतुकीचा व्यवहारतः अंत झाला.

कालवे मात्र राहिले. १९४६ मध्ये रॉबर्ट ऐकमन, रोल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंतर्गत जलमार्ग संघ स्थापन केला होता. १९६४ मध्ये स्ट्रॅटफर्ड कालव्याचा दक्षिण भाग स्वयंसेवक, सैनिक व तुरुंगातील कैदी यांच्या श्रमांनी पुन्हा खुला झाला. १९६८ च्या वाहतूक कायद्याने नौकाविहार हा कालवे राखण्याचा मान्य हेतू ठरविला. ब्लिस्वर्थचा १८०५ चा बोगदा नव्याने बांधून १९८४ मध्ये उघडला. केनेट व एव्हन १९९० मध्ये आणि हडर्सफील्ड २००१ मध्ये सुरू झाले. २०१२ पासून इंग्लंड व वेल्समधील बहुतेक कालवे एका धर्मादाय विश्वस्त संस्थेकडे आहेत. सरकारी अनुदान २०२७ नंतर घटत जाईल असे २०२३ मध्ये जाहीर झाल्याने निगेचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे. आज नौकेवर राहणाऱ्यांत हौशी आहेत तसे घरभाडे न परवडणारेही आहेत. कायमचा बांधण्याचा धक्का नसलेल्यांनी एका ठिकाणी चौदा दिवसांहून अधिक राहू नये असे १९९५ च्या कायद्याचे बंधन आहे. माल गेला, मजुरी बदलली. कालव्याची निगा आणि पाण्यावरचे घर यांचा संबंध सुटलेला नाही.

९

या विवेचनातून आपल्याकडील अभ्यासास काय घेता येईल? मद्रासच्या किनाऱ्याने जाणारा बकिंगहॅम कालवा १८७६-७८ च्या दुष्काळात दुष्काळी कामावरील मजुरांच्या श्रमांनी वाढविला गेला. पुढे वादळे व गाळ यांनी त्यावरील वाहतूक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोडत गेली; २००८ मध्ये तो राष्ट्रीय जलमार्गाचा भाग म्हणून घोषित झाला. आपल्या कोकणात राजापूरच्या खाडीत गाळ साचून मोठी गलबते बंदरापर्यंत येईनाशी झाली हे सर्वश्रुत आहे. तेथे आपण बंदराच्या ऱ्हासाचा इतिहास लिहितो, परंतु गाळ साचत असलेल्या त्या मधल्या काळात लहान पडावांतून माल चढविणाऱ्या-उतरविणाऱ्या माणसांवर त्याचा किती भार पडला हे विचारीत नाही.

एखादा मार्ग बंद पडला तर त्याची तारीख मिळते. तो हळूहळू बिघडत असता चालू राहिला, तर त्या काळाची तारीख नसते, आणि त्याचा खर्च कोणत्याच वहीत दिसत नाही. इंग्लंडच्या अरुंद कालव्यांवर तो खर्च सात फूट रुंदीच्या कोठडीत राहणाऱ्या कुटुंबांनी शतकभर सोसला. कालव्यांच्या हिशेबात त्याची रक्कम मांडणे हे इतिहासकाराचे राहिलेले काम आहे.